चॅसी गेली कुठे?

या सदरात मी वाचकांच्या यंत्रांविषयीच्या शंकांना उत्तरं देतो. चौतीस वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये प्रेस टूल, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे, बनवण्यात गेली, त्यामुळे उत्तरं पत्र्याकडे झुकतात. सवयीचा दोष आहे, सांभाळून घ्या.

प्रश्न: आम्ही चौघं डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहोत. मागे इंजिन असलेली चार माणसांची छोटी गाडी कागदावर काढतोय. नमुना म्हणून फियाट ६०० घेतली आहे. तिला चॅसी, म्हणजे खालचा वेगळा सांगाडा, नाही, सगळी बॉडी दाबलेल्या पत्र्याची. आमचे सर म्हणतात, आधी चॅसी काढा, बॉडी नंतर. पण चॅसीच नसेल तर मागच्या इंजिनाचं वजन कोण पेलतं? (इचलकरंजी)

उत्तर: पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा शोधा. किराणा दुकानात पडलेला असतो. वरचं झाकण शाबूत असताना दोन कोपरे धरून पिळून बघा. हलणार नाही. मग झाकण पूर्ण कापा आणि पुन्हा पिळा. डबा लुळा पडतो. डब्याच्या मानाने झाकणाचं वजन ते किती! तरी सहावी बाजू गेली की बाकीच्या पाचांचा जोर जातो. डब्याच्या अंगावर दाबून काढलेले उभार असतात, तेही बघून ठेवा. ते शोभेचे नाहीत. सपाट पत्रा बोटाने दाबला तर ‘टक्’ करून आत जातो आणि परत येतो. उभार आला की तो ताठ होतो.

फियाट ६०० हा असाच डबा आहे. खाली फ्लोअर, दोन्ही दारांखाली उंबऱ्यासारखी पोकळ सिल, मधून जाणारा छोटा बोगदा, पुढचा बल्कहेड (आडवी भिंत), मागच्या सीटच्या पाठीमागची भिंत, खांब आणि छप्पर. चॅसीचं काम या सगळ्यांत वाटून दिलंय. आणि हे काही इटलीतलं नवल नव्हे. मुंबईत काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीत बसलेला प्रत्येक जण चॅसी नसलेल्या गाडीत बसला होता. कुर्ल्याला बनणारी ती गाडी मुळात फियाट ११००, आणि तिची बॉडी १९५३ पासूनच अशी. टपावर ट्रंका, वळकट्या आणि एखादी सायकल घेऊन ती गावापर्यंत जायची.

आता इंजिन मागेच का? दान्ते जाकोसा या फियाटच्या इंजिनिअरपुढची अडचण समजून घ्या. त्याचीच आधीची गाडी ‘टोपोलिनो’, १९३६ ची. इंजिन पुढे, सीट दोन. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोन मीटर. १९५५ साली आलेल्या ६०० मध्येही ते अंतर दोन मीटरच आहे, पण माणसं चार बसतात! जागा आली कुठून? इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) यांचं एकच गाठोडं करून त्याने मागे ठेवलं. गाडीच्या पोटातून जाणारा लांब शाफ्ट गेला, त्याचा उंचवटा गेला, फ्लोअर खाली उतरला आणि पाय पुढे सरकले. उरलेल्या छोट्या बोगद्यातून गिअरचा रॉड आणि केबली जातात. थंडीत रेडिएटरची गरम हवाही तिथूनच पुढे आणली आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देऊनही हे साधलं असतं, पण वळताना न अडखळणारे सांधे तेव्हा स्वस्त गाडीच्या आवाक्यात नव्हते. पुढची स्प्रिंग तर नीट बघाच. एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग, दोन ठिकाणी धरलेली. ती धक्का झेलते, चाकाला धरून ठेवणारा खालचा हात होते आणि वळणावर गाडी कलंडण्यालाही अटकाव करते. एका भागाकडून तीन कामं. मी टूलरूममध्ये अशा माणसाला वाकून नमस्कार केला असता.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकतं. खड्ड्यात आपटल्यावर ते वजन काही पटींनी जाणवतं. पाऊण-एक मिलिमीटरच्या पत्र्याला भोक पाडून तिथे बोल्ट लावाल तर महिन्याभरात भोकाचा लांबट डोळा होईल. म्हणून बोल्टखाली जाड पत्र्याचा तुकडा, त्याखाली पोकळ आडवी पेटी, ती पेटी दोन्ही बाजूंच्या लांब पेट्यांना जोडलेली आणि त्या पेट्या सीटमागच्या भिंतीतून सिलपर्यंत गेलेल्या. वजनाला टप्प्याटप्प्याने रुंद रस्ता द्या. आणि स्पॉट वेल्डिंगचा, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांनी पत्रे जोडण्याचा, स्वभाव ओळखा. दोन पत्रे एकमेकांवरून सरकवायचा जोर स्पॉट मुकाट्याने सोसतो. पण चिकटपट्टीसारखे सोलायला लागलात की एकामागून एक सुटत जातो. तुम्ही पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये इंजिन धरणारा कंस (ब्रॅकेट) जिथे आलाय, तिथे स्पॉट सोलला जातोय. कंस नव्वद अंशात फिरवा.

दुसरी चूक दारांची. तुम्ही दारं मोठी केलीत आणि सिल बारीक. दार म्हणजे डब्याला पाडलेलं भलंमोठं भोक, त्याची भरपाई सिलने करायची असते. आमच्या ओळखीत रत्नागिरीला एकांची जुनी गाडी होती. समुद्राच्या हवेने सिल आतून खाल्लं होतं, वरून रंग छान. मी मदतीला गेलो आणि चाक बदलायला जॅक लावला. गाडी उचलली गेली, पण दार काही उघडेना. मधून वाकली होती. खाली उतरवल्यावर उघडलं. चॅसीच्या जीपमध्ये सिल गंजलं तर पायरी जाते. इथे कणाच गेला होता. मी तेव्हा तिशीत होतो, पत्र्यातलं सगळं कळतं अशा समजुतीत होतो. परतीच्या एसटीत त्याचाच विचार करत बसलो.

वजनाचा तोलही बघा. ६०० मध्ये पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि स्टेपनी पुढे आहे, कारण पुढचं टोक हलकं पडतं. मागे जड असलेली गाडी वळणावर शेपूट बाहेर काढायला बघते. अमेरिकेतल्या, इंजिन मागेच असलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअरला पुढच्या टायरात १५ पौंड आणि मागच्यात २६ पौंड हवा भरा असं सांगितलं होतं. किती मालकांनी ते पाळलं असेल? आपल्या पेट्रोल पंपावर ‘किती भरू?’ला ‘चारही सारखी’ हे ठरलेलं उत्तर असतं. तुम्ही टायरच कमी-जास्त रुंद घ्या, माणसाच्या लक्षात राहण्यावर विसंबू नका.

आता दाबकामाविषयी, थोडं जास्त. कागदावर तुम्ही बोनेटचे कोपरे टोकदार काढलेत. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं. डायच्या (साच्याच्या) कोपऱ्याची त्रिज्या कमी ठेवली, ट्रायआउटला, म्हणजे चाचणीला, पहिलाच पत्रा कोपऱ्यात फाटला. ब्लँक होल्डर (पत्र्याच्या कडा दाबून धरणारा भाग) सैल केला, तर कडेला सुरकुत्या. पुन्हा आवळला, तर पुन्हा फाटला. दोन दिवस निळा रंग लावून पंच (पत्रा डायमध्ये दाबणारा ठोकळा) घासत बसलो. फोरमन आले, बोट कोपऱ्यावर फिरवलं आणि म्हणाले, ‘पत्र्याला वळायला जागा दे रे.’ त्रिज्या वाढवली, तिसऱ्या पत्र्याला भाग निघाला. मग स्प्रिंगबॅक. दाबून सोडल्यावर पत्रा थोडा मागे उलगडतो, म्हणून डाय त्या हिशेबाने जास्त वाकवून ठेवावी लागते. हे सगळं एका भागासाठी. ६०० चं अंग सगळीकडे गोल आहे ते नुसतं गोंडस दिसायला नाही. गोल पत्रा पातळ असूनही ताठ राहतो आणि प्रेसमध्ये सुखाने वळतो.

पण तुमच्या सरांनाही मी सोडणार नाही, म्हणजे चुकीचे ठरवणार नाही. प्रत्येक भागाला डाय, पंच, ट्रिमिंगचं टूल. हा खर्च एका गाडीवर घातला तर घर विकावं लागेल. फियाटने २५ लाखांहून जास्त ६०० बनवल्या, तेव्हा तो पचला. एकच गाडी उभी करायची तर पाइपची चॅसी स्वस्त. कागदावरच राहायचं असेल तर डबाच काढा, आणि प्रत्यक्ष बनवायची झाली तर पत्रा बेंडिंग मशीनवर वाकवून पेट्या करा, रिव्हेट मारा. दिसेल टपरीसारखी, पण पिळली जाणार नाही.

प्रश्न: आमच्याकडे २०१० ची नॅनो आहे. तिची डिकी मागून उघडतच नाही, सामान सीट पाडून आतून ठेवावं लागतं. एवढा कंजूषपणा कशासाठी? (नाशिक)

उत्तर: वरचं तेलाच्या डब्याचं पुराण वाचलंत ना? मागून उघडणारं दार म्हणजे आणखी एक झाकण कापणं, तेही नेमकं जिथे इंजिन बसलंय तिथे. मग चौकट जाड करा, बिजागऱ्या, कुलूप, रबर, गॅसचे दांडे घाला. सहाशे किलोच्या आसपासच्या, एक लाखाचं लक्ष्य ठेवलेल्या गाडीत तो प्रत्येक ग्रॅम आणि रुपया मोजलेला होता. चाकाला चारऐवजी तीन नट आणि काचेला एकच वायपर, हे त्याच हिशेबातलं. २०१५ च्या नॅनोला उघडणारी डिकी आली, आणि वजनही वाढलं. तुमच्या गाडीचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद आहेत, ते अदलाबदल करू नका. टायरवाला ‘रोटेशन करू का’ म्हणेल, नको म्हणा.

प्रश्न: मागे इंजिन एवढं सोयीचं होतं, तर सगळ्यांनी ते सोडलं का? (सोलापूर)

उत्तर: पुढच्या चाकांचे सांधे स्वस्त आणि टिकाऊ झाले. त्यावर मागचं दार पूर्ण उघडणारी, सामान भरायला सोपी गाडी बनवता येते. ते आधी करणाऱ्यांत जाकोसाच होता. १९६४ साली त्याने ऑटोबियांकी प्रिमुलात इंजिन पुढे आडवं ठेवलं, शेजारी त्याच रेषेत गिअरबॉक्स, आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. १९६९ ची फियाट १२८ त्याच मांडणीची. आज तुमच्या बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या छोट्या गाड्यांचे बोनेट उघडा, बहुतेकांत तीच मांडणी सापडेल.