घरातला लावा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला पक्षी पाळायचा आहे. लाव्याला जागा कमी लागते आणि तो अंडीही देतो, असे ऐकल्यामुळे एक नर आणि एक मादी आणण्याचा विचार आहे. पोपटाचा एक पिंजरा घरी रिकामा पडून आहे, तो चालेल का? लावा माणसाळतो का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे त्यावर ठरणार आहे. बटेर या नावानेही ओळखला जाणारा हा पक्षी माणसाला सरावतो, पण पोपटासारखा लळा लावत नाही. तळहातावरचे दाणे टिपायला धावत येणारे लावे मी पाहिले आहेत. उचलून घेतले, की मात्र त्यांतले बहुतेक अंग आकसून सुटकेची वाट पाहतात. हा जमिनीवर वावरणारा आणि अनेक प्राण्यांचे भक्ष्य असलेला पक्षी आहे. वरून येणारा हात, मग तो कितीही मायेचा असो, त्याला शिकारी पक्ष्याच्या झडपेसारखाच वाटतो. म्हणून मुलीला कुशीत घेण्यासाठी पक्षी हवा असेल, तर लावा आणू नये. बसून न्याहाळण्यासाठी हवा असेल, तर सतत काहीतरी उकरत, धूळ उडवत, आपसांत कुजबुजत राहणारा हा पक्षी तिला कंटाळा येऊ देणार नाही.

पोपटाचा पिंजरा अजिबात वापरू नये. लावा दचकला, की पळत नाही. तो सरळ वर उसळी घेतो आणि ती उसळी इतकी जोरदार असते, की छताच्या तारेवर आपटून डोके फुटते. माझ्याकडील एका मादीच्या डोक्याची कातडी अशीच सोलवटली होती. चूक पिंजऱ्याला हात-दीड हात उंची देणाऱ्या माझीच होती. ही मधली उंची सर्वांत वाईट, कारण तेवढ्यात उसळीला पुरेसा वेग मिळतो. छत एक तर २५ ते ३० सेंटिमीटरवर असावे, म्हणजे वेग येण्याआधीच उसळी अडते, किंवा माणूस आत उभा राहू शकेल इतके उंच असावे. दोन्ही प्रकारांत छताच्या आतल्या बाजूने मऊ जाळी किंवा ताणलेले कापड लावलेले बरे. लावा दांडीवर बसत नाही, त्यामुळे उंचीचा त्याला काहीच उपयोग नसतो. त्याला हवी असते ती जमीन. प्रत्येक पक्ष्यामागे निदान एक चौरस फूट तळ द्यावा, जमल्यास दुप्पट. हा तळ तारेचा नसावा, कारण तारेवर सतत उभे राहून तळव्यांना जखमा होतात. सुताराच्या रंध्यातून निघणारी लाकडाची पातळ सालपटे किंवा कोरडे गवत जाडसर पसरावे, एका कोपऱ्यात लपायला आडोसा करावा आणि पसरट भांड्यात कोरडी वाळू ठेवावी. त्या वाळूत लोळून तो पिसे स्वच्छ ठेवतो. मुलीला पहिल्या दिवशी हेच दाखवावे. एका भांड्यात तीन पक्षी एकदम शिरण्याचा प्रयत्न करतात, तो प्रसंग मोठ्यांनाही हसवतो. बाजूची जाळी अर्ध्या इंचाहून मोठ्या छिद्रांची नको. लाव्याचे डोके त्यातून बाहेर येते आणि उंदीर आत येतात.

एक नर आणि एक मादी ही जोडी माणसांच्या नजरेला शोभते, पण तीत मादीचे हाल होतात. नर एकाच मादीच्या मागे सतत लागतो आणि तिच्या डोक्या-पाठीची पिसे उपटली जातात. नर ठेवायचाच असेल, तर त्याच्यासोबत तीन ते पाच माद्या हव्यात. आपण तीन माद्याच आणाव्यात, असे मला वाटते. अंड्यांसाठी नराची गरज नसते आणि नराची कर्कश हाक रात्री-अपरात्रीही सुरू होते. नेहमीच्या तपकिरी रंगाच्या पक्ष्यांत तीन आठवड्यांनंतर नराची छाती तांबूस दिसू लागते, तर मादीच्या फिकट छातीवर गडद ठिपके उमटतात. पांढऱ्या पक्ष्यांत ही खूण मिळत नाही, तेव्हा ते वयात येईपर्यंत थांबावे लागते. पक्षी पाळीव पैदाशीचेच घ्यावेत, रानातून पकडलेले नव्हे.

आणखी एक गोष्ट मुलीला आधीच सांगून ठेवावी. लावा सहा-सात आठवड्यांत वयात येतो आणि त्याचे आयुष्यही त्याच घाईने सरते; चांगली निगा राखली तरी ते साधारण दोन ते चार वर्षांचे असते.

प्रश्न : आमच्या माद्या जवळजवळ रोज अंडी घालतात, पण जिथे तिथे टाकून निघून जातात. एकही मादी अंड्यांवर बसत नाही. आमचे काही चुकते आहे का?

उत्तर : नाही. पाळीव जपानी लाव्याची उबवण्याची प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पैदाशीत जवळजवळ नाहीशी झाली आहे. पिल्ले हवी असतील, तर उबवणी यंत्र वापरावे लागते. त्यात सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमानात १७ ते १८ दिवसांत पिल्लू बाहेर पडते. १९९० साली मीर या अंतराळस्थानकावर लाव्याची पिल्ले निघाली, तीही यंत्रातच. आईच्या उबेवाचून जन्मण्याची या पक्ष्याला इतकी सवय झाली आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंशांची ऊब लागते आणि नंतर ती दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करता येते. पाण्याच्या बशीत गोट्या किंवा खडे घालावेत, कारण अंगठ्याएवढी ही पिल्ले उथळ पाण्यातही बुडतात. खाली गुळगुळीत कागद अंथरू नये. त्यावरून पाय घसरून ते कायमचे फाकतात.

पिल्ले नको असली, तरी रोजच्या अंड्यांकडे दुर्लक्ष करू नये. सुमारे दीडशे ग्रॅमची मादी दहा ग्रॅमचे अंडे घालते. कोंबडीच्या तुलनेत शरीरमानाने हा भार दुपटीहून अधिक आहे. तिच्या खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने असावीत आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा, म्हणजे तिला हवा तेवढा ती खाते. दिवस लहान झाले, की अंडी कमी होतात. दिवा लावून १४ ते १६ तास उजेड दिल्यास ती चालू राहतात, म्हणून व्यावसायिक तसे करतात. घरी हौसेने पाळणाऱ्यांनी मात्र तो दिवा लावू नये, असे माझे मत आहे. ते काही महिने मादीच्या विश्रांतीचे असतात.

प्रश्न : आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यात लावे सोडले तर चालतील का?

उत्तर : चालणार नाहीत. कोंबड्या त्यांना टोचून घायाळ करतात, आणि टोचले नाही तरी कोंबड्यांकडून येणारे आजार लाव्यांना भोवतात. दोघांचे खाद्यही सारखे नसते. खुराडी दूर ठेवावीत, आधी लाव्यांचे काम उरकून मग कोंबड्यांकडे जावे आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत.