नव्या सदस्याचा जुनाच प्रश्न

प्रश्न : कोल्हापूरच्या इतिहासावर चर्चा करणाऱ्या एका व्हॉट्सॲप समूहाचा मी ॲडमिन आहे. शिक्षणासाठी नुकत्याच शहरात आलेल्या एका मुलीने, अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव कधी असतो, असे समूहात विचारले. त्यावर ‘एवढेही ठाऊक नसेल तर इथे कशाला आलात?’ असे एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिले, काहींनी हसण्याची चित्रे टाकली आणि ती समूह सोडून गेली. तोच तो प्रश्न दरवर्षी येतो, हेही खरे आहे. मी काय करायला हवे होते?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : त्या ज्येष्ठांना तिथेच थांबवायला हवे होते, तुम्ही गप्प राहिलात आणि समूहाने त्याचा अर्थ संमती असा घेतला.

प्रश्न तुमच्यासाठी जुना आहे. नव्या सदस्याला आपण येण्यापूर्वीचे संदेश सहसा दिसत नाहीत, त्यामुळे दहा वेळा झालेली चर्चा तिच्या लेखी झालेलीच नसते. पिन केलेला संदेशही फार तर तीस दिवस टिकतो. म्हणून ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या परंपरेने मानलेल्या तारखा समूहाच्या वर्णनातच लिहून ठेवा. (खरे तर प्रश्न तितका बाळबोधही नव्हता. मावळतीची किरणे महाद्वारातून येऊन देवीच्या मूर्तीवर कुठवर चढतील, हे ढगांवर आणि वाटेतल्या अडथळ्यांवरही अवलंबून असते. जाणत्यांना यावर चार ओळी सहज लिहिता आल्या असत्या.)

इंग्रजी विकिपीडियावर नवागतांना ‘चावू नका’ असा लेखी संकेतच आहे. तरीही तिथले सक्रिय संपादक २००७नंतर घटत गेले. चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचे लेखनही तडकाफडकी, पुष्कळदा स्वयंचलित साधनांनी, पुसले जात होते आणि त्यामुळे ते टिकत नव्हते, असे २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले.

याचा अर्थ नव्यांचे सारेच पोटात घालावे, असा नाही. आपल्या तालमीत वस्ताद नव्या पोराची जोड पहिल्याच दिवशी मुरलेल्या मल्लाशी लावत नाही, पण हौदात उतरल्यावर नियम दोघांनाही एकच असतो. तुमच्या समूहात जुन्या सदस्याने सनावळ चुकवली, तर ती कशी सुधारली जाते, ते आठवून पाहा. बहुधा कोणीतरी खासगीत, अदबीने कळवत असेल. तीच अदब त्या मुलीच्याही वाट्याला यायला हवी होती.

आता त्या ज्येष्ठांशी आधी फोनवर बोला आणि त्यांनी पुन्हा तसे लिहिले, तर समूहातच स्पष्ट सांगा. मुलीला स्वतंत्र संदेश पाठवून दिलगिरी व्यक्त करा, तिने विचारलेल्या तारखा कळवा आणि परत यायचे का, हे तिलाच ठरवू द्या. तिला न विचारता परस्पर समूहात घेऊ नका.