पाळी जाताना अंगातून वाफा निघतात, काय करावे?

प्रश्न : माझे वय ४९ असून आम्ही चोपडा तालुक्यात राहतो. गेले आठ महिने मला पाळी आलेली नाही. बसल्या बसल्या छातीपासून डोक्यापर्यंत वाफ चढते, अंग घामाने भिजते, रात्री दोन-तीनदा झोपमोड होते. यंदा बिबड्यांचे (ज्वारीच्या वाळवणाच्या पापडांचे) पीठ चुलीवर हाटताना तर मध्येच उठावे लागले. सासूबाई म्हणतात, ‘सगळ्यांनाच होतं, सोसायचं.’ शेजारच्या काकूंनी जडीबुटीच्या गोळ्या सुचवल्या आहेत. घरच्या घरी काही करता येईल का?

उत्तर : ताई, पाळी सलग १२ महिने आली नाही की रजोनिवृत्ती झाली, असे मानतात. तोवर एखादी पाळी येऊ शकते आणि गर्भ राहण्याची शक्यताही अगदी संपलेली नसते. या काळात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होत जाते, तसे शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतील केंद्र इतके हळवे होते, की एरवी जाणवलीही नसती अशा थोड्याशा उष्णतेनेही ते त्वचेकडे जास्त रक्त धाडते आणि घाम आणते. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात, त्यातून चुलीपुढे, हा त्रास वाढला तर नवल नाही.

म्हणून आधी उष्णतेचाच बंदोबस्त करावा. बिबड्यांचे पीठ भल्या पहाटे शिजवावे आणि हाटायला घरातील दुसऱ्या कोणाला तरी बसवावे. हे काम मुलांना आणि त्यांच्या वडिलांनाही जमते. चहा किती वेळा होतो आणि रात्री तिखट शेवभाजी खाल्ली की वाफा वाढतात का, हे दोन आठवडे वहीत टिपून ठेवावे. प्रत्येकीचे निमित्त वेगळे असते, त्यामुळे उगाच सगळेच सोडून देण्यात अर्थ नाही. रात्री सैल सुती कपडे घालावेत, पाण्याचा तांब्या आणि ओला पंचा उशाशी ठेवावा. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडून उकाडा उलट वाढतो. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरल्यानेही वाफा कमी होऊ शकतात.

पाळी गेल्यावर हाडे वेगाने झिजू लागतात, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. पाळी गेलेल्या स्त्रीसाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सुचवले आहे. दूध, ताक, तीळ आणि नागली (नाचणी) यांतून ते मिळते. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी उत्तमच, पण तिच्या जोडीला आठवड्यातून काही वेळा नागलीचीही असावी. रोज भरभर चालावे आणि थोडे वजन उचलण्याचा व्यायामही करावा.

त्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांत नेमके काय आहे ते ठाऊक नसते, आणि रक्तदाबाची किंवा साखरेची औषधे चालू असतील तर धोका वाढतो. सासूबाईंचा मान राखूनही मी म्हणेन, की झोपच उडत असेल तर सोसत बसण्यात शहाणपण नाही. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागल्यानेही असाच घाम येतो, म्हणून ती तपासणी करून घ्यावी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. हार्मोनची औषधे आहेत, तशी हार्मोनविरहितही आहेत. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्या स्त्रियांना सहसा दुसऱ्या प्रकारची देतात. वर्षभर पाळी बंद राहिल्यावर थेंबभर जरी रक्त दिसले, तरी घरगुती उपाय न करता त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.