हट्टीच्या रानात मॅग्नेटोमीटर घेऊन निघालेल्या मुलीस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. कर्नाटकातल्या रायचूरकडच्या हट्टी-मस्की या सोन्याच्या पट्ट्यात पहिलाच सीझन, तोही ग्राउंड मॅग्नेटिकचा, म्हणजे रानात चालत जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र मोजण्याचा, आणि सोबत दोन मदतनीस. वाचून फार आनंद झाला. मी त्या रानात तीन सीझन काढले आहेत. जे तिथे शिकलो, आणि जे उशिरा शिकलो, ते तुला सविस्तर लिहितो.

तू विचारलंस की सोनं चुंबकीय नसताना त्याच्या शोधाला मॅग्नेटोमीटर कशाला. टनभर दगडात चार-पाच ग्रॅम सोनं असलं तर ती चांगली खाण म्हणायची. एवढ्याशा सोन्याचा पत्ता कुठल्याच चुंबकीय यंत्राला लागणार नाही. आपण शोधतो ती सोनं येऊन गेल्याची खूण. जमिनीत खोलवर गरम पाण्यातून सोनं येतं ते बहुतेक वेळा गंधकाशी जोडी करून. हे पाणी शिअर झोनच्या, म्हणजे दगड घसरून चिरडल्या गेलेल्या पट्ट्याच्या, भेगांतून वर चढतं आणि वाटेत लोहयुक्त दगड भेटला की गंधक सोन्याला सोडून लोहाशी जुळतं, त्याचं पायराइट होतं, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, एक सल्फाइड. एकटं पडलेलं सोनं तिथेच बसतं. आता बघ, ज्या लोहाने गंधक ओढून घेतलं, ते पुष्कळदा मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजातलं असतं. म्हणजे सोनं बसवणारी आणि दगडाचं चुंबकत्व मारणारी क्रिया एकच. तुमकूरकडच्या अज्जनहळ्ळीला पट्टेदार लोहपाषाणात हे फार स्वच्छ दिसतं. मॅग्नेटाइटच्या पट्ट्या जिथे सल्फाइडने खाल्ल्या आहेत, तिथे सोनं आहे.

हट्टीत मात्र एवढं सरळ नाही. तिथला यजमान दगड अ‍ॅम्फिबोलाइट, म्हणजे रूपांतरित बेसाल्ट. मुळातच त्यात मॅग्नेटाइट सगळीकडे सारखं नाही. शिवाय शिअर झोनमध्ये पायराइट आणि आर्सेनोपायराइटच्या बरोबरीने पायरोटाइट नावाचं सल्फाइड येतं आणि त्याचा एक प्रकार स्वतःच चुंबकीय असतो. म्हणजे एकाच रीफवर, सोन्याच्या शिरेवर, एका जागी चुंबकत्व गेलेलं आणि शंभर मीटरवर नवीन आलेलं, असं होऊ शकतं. म्हणून रानात जाण्याआधी दोन दिवस कोअर शेडमध्ये, जिथे ड्रिलिंगमधून निघालेले दगडाचे दंडगोल ठेवतात तिथे, घालव. जुन्या बोअरहोलचे कोअर बॉक्स उघडायला लाव आणि हातातल्या ससेप्टिबिलिटी मीटरने, म्हणजे दगड किती चुंबकीय ते सांगणाऱ्या यंत्राने, मीटरमीटरावर वाचन घे. ताजा अ‍ॅम्फिबोलाइट, बायोटाइटने काळपट झालेला शिअर झोन, क्वार्ट्झची शीर, प्रत्येकाचं वाचन वेगळं लिही. हे दोन दिवस वाया गेले असं तुझ्या वरिष्ठांना वाटेल. वाटू दे. त्या आकड्यांशिवाय पुढे नकाशावरचा निळा आणि लाल रंग कशाचा, हे तुला कोणीही सांगू शकणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मी दोनदा वाचायला सांगेन.

ग्राउंड मॅग्नेटिकचं बहुतेक साहित्य कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या अनुभवातून आलेलं आहे. तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीशी तीव्र कोनात असतं, ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीला साठ अंशांहून जास्त. त्यामुळे चुंबकीय दगडावर नकाशात उंचवटा दिसतो आणि चुंबकत्व गेलेल्या जागी खड्डा. हट्टीचा अक्षांश १६. तिथे क्षेत्राचा कल २० अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आडवंच. पूर्व-पश्चिम पसरलेला चुंबकीय दगड असेल तर त्याच्यावर मोठा लो (खड्डा) येतो, जरा उत्तरेला सरकलेला, आणि दक्षिणेला हाय (उंचवटा). म्हणजे जिथे तू ‘इथलं मॅग्नेटाइट गेलं’ म्हणशील, तिथे ते खच्चून भरलेलं असेल. तिथले पूर्व-पश्चिम डोलेराइट डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हारसाच्या काळ्या भिंती, असेच फसवतात.

उत्तर-दक्षिण दगडाची गोष्ट आणखी वेगळी. क्षेत्राचा आडवा भाग त्या दगडाच्या लांबीतून वाहून जातो, त्याचा उठाव होतच नाही. उरतो तेवढा उभा भाग. उभा, पातळ पत्र्यासारखा थर धरलास तर ध्रुवावर जेवढी विसंगती, म्हणजे आजूबाजूच्या क्षेत्राहून जेवढा फरक, दिसली असती त्याच्या साधारण एक-अष्टमांश इथे दिसते. आणि ती हाय म्हणून दिसते, लो म्हणून नाही. हट्टीचे रीफ उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय धावतात, म्हणजे आपल्याला हवी असलेली रचना नेमकी या कमनशिबी दिशेच्या जवळ आहे. ती मंद दिसणार, आणि तिला आडवा जाणारा निरुपयोगी डाइक नकाशाभर ओरडणार. रिडक्शन टू पोल, म्हणजे वाचनं ध्रुवावर घेतल्यासारखी करणारं गणित, केलं की सगळं सरळ होईल असं कोणी सांगेल, पण इतक्या कमी कलावर ते गणित उत्तर-दक्षिण दिशेचा गोंगाट फुगवतं आणि नकाशावर उभ्या रेघा पाडतं. त्या रेघा नेमक्या तुझ्या रीफच्याच दिशेने दिसतील! अ‍ॅनालिटिक सिग्नल हे दुसरं गणित करून बघ, पण मूळ प्रोफाइल, म्हणजे प्रत्येक लाइनीच्या वाचनांचा आलेख, कागदावर छापून शेजारी ठेव. मी अजूनही आधी प्रोफाइलच बघतो.

मंद रचना पकडायची तर वाचनं स्वच्छ हवीत. पन्नास मीटरच्या अंतराने पूर्व-पश्चिम लाइनी, दर पाच मीटरला एक स्टेशन (वाचनाची जागा), सेन्सर किमान दोन मीटर उंच काठीवर. हे तुला सांगितलेलं असेलच. बेस स्टेशनबद्दल, म्हणजे एका जागी ठेवून दिवसभर क्षेत्राची नोंद करणाऱ्या दुसऱ्या यंत्राबद्दल, मात्र लोक निष्काळजी असतात. तिथे एकूण क्षेत्र सुमारे ४२,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक), आणि शांत दिवशीही ते सूर्यामुळे सकाळपासून दुपारपर्यंत चाळीस-पन्नासने चढून उतरतं. तुझा रीफ कदाचित वीसचा असेल. बेस चालू नसेल तर तू दिवसभर सूर्याचा सर्व्हे केलास असंच समज. बेस वस्तीपासून, विजेच्या तारांपासून, बोअरवेलच्या केसिंगपासून लांब ठेव आणि जिथे ट्रॅक्टर वळतो अशा बांधाजवळ तर कधीच नको. चुंबकीय वादळाच्या दिवशी काम बंद ठेव, कितीही टार्गेट मागे पडलं तरी.

आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण देतो. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्या नोंदी बिघडणार हे लक्षात आलं, म्हणून अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. १९०४ पासून तिथे काम सुरू झालं आणि कुलाबा-अलिबाग दोन्हीकडे काही काळ एकत्र वाचनं घेतली, जुनी मालिका नवीला जुळावी म्हणून. इमारतीलाही चुंबकीय नसलेला दगड निवडला होता. ती वेधशाळा आजही चालू आहे. तुझ्या बेसचा आलेख विचित्र वाटला तर अलिबाग आणि हैदराबादच्या नोंदींशी त्या दिवसाचा ताळा करून बघ.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो.

दुसऱ्या सीझनला आमच्या ग्रिडच्या दक्षिण टोकाला वेड्या बाभळीचं दाट रान होतं. माझ्यापुढे एक मदतनीस वाट मोकळी करत चालायचा. मोठा मेहनती माणूस. पहाटे भाकरी बांधून यायचा आणि अंधार पडेपर्यंत थकायचा नाही. मी स्वतःचं सगळं लोखंड काढून ठेवलं होतं, पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या, अगदी खिळ्याचे बूटसुद्धा. त्याच्या हातात कोयता होता. मोकळ्या रानात तो दहा-पंधरा मीटर पुढे असायचा, तेव्हा काहीच फरक पडत नव्हता. दाट बाभळीत तो माझ्यापासून हातभर अंतरावर तोडत असायचा. मी थांबायचो, बटण दाबायचो, आकडा लिहायचो आणि पुढे जायचो.

कॅम्पवर नकाशा काढला तर सलग सहा लाइनींवर वीस-पंचवीस नॅनोटेस्लाचा एक सुंदर पट्टा उमटला, उत्तर-वायव्य दिशेचा, ओळखीच्या रीफच्या अगदी सरळ रेषेत. सगळ्यांना आनंद झाला. मलाही. त्यावर ट्रेंच (चर) झाला, मग एक बोअरहोल पडलं. ताजा, निबर अ‍ॅम्फिबोलाइट निघाला, शिअरचा मागमूस नाही. महिनाभराने मी नकाशा आणि वहीतलं झाडोऱ्याचं कच्चं रेखाटन शेजारी ठेवलं. पट्टा बाभळीच्या रानाच्या आकाराचा होता. ओढ्याच्या कडेने ते रान वाढलं होतं, आणि ओढा त्या दिशेने वाहत होता.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्या सहा लाइनींच्या वाचनांसमोर माझ्या वहीत शेरा नव्हता. बाकीच्या लाइनींवर ‘तार’, ‘मळणी यंत्र’, ‘विहीर, लोखंडी रहाट’ असं सगळं लिहिलेलं. तिथे हात काट्यांनी रक्ताळले होते म्हणून फक्त आकडे. एक ओळ लिहिली असती, ‘कोयता जवळ’, तर ते बोअरहोल वाचलं असतं. तेव्हापासून माझा नियम असा: आधी वाट तोडून घ्यायची, मदतनिसांना हत्यारांसकट मागे बसवायचं आणि मग त्या लाइनीवर एकट्याने चालायचं. दिवस दुप्पट लागतो. आणि प्रत्येक विसावं स्टेशन उलट्या वाटेने पुन्हा वाचायचं.

तुझे मदतनीस त्याच गावांतले असतील. त्यांच्याशी बोल. आमचं उदगीर आणि ते रायचूर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांशी माझं दखनीत छान जमायचं. तू मोडकं कन्नड तरी शिकून घे. जुने खड्डे कुठे आहेत ते त्यांना ठाऊक असतं. हट्टीला प्राचीन लोकांनी सहाशे फुटांहून खोल खणलं होतं, दगड आगीने तापवून फोडत. त्यांना मॅग्नेटाइट माहीत नव्हतं, पण शिअर झोन बरोबर कळत होता. दगडात पडलेले वाटीसारखे खळगे दिसले, जिथे खनिज कुटलं जायचं, तर त्यांची जागा जीपीएसवर घे आणि नकाशावर टाक. तुझ्या मंद विसंगतीच्या रेषेत असे दोन खळगे आले तर माझा तिच्यावर कोणत्याही फिल्टरपेक्षा जास्त विश्वास बसेल.

नकाशावर जागा निवडल्यावर ड्रिलिंगची घाई करू नकोस. तिथे मातीचे नमुने घे, आयपीच्या, म्हणजे जमिनीत वीज सोडून करायच्या मोजणीच्या, दोन-तीन लाइनी मार. सल्फाइड असेल तर आयपीला कळतं, लो कुठल्या कारणाने आलाय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तिन्ही गोष्टी एका रेषेत आल्या तर ट्रेंच माग, आणि ट्रेंच खणताना स्वतः उभी राहा.

एका रविवारी मस्कीला जाऊन ये. तिथला अशोकाचा शिलालेख १९१५ मध्ये बीडन नावाच्या इंग्रज खाण अभियंत्याला सापडला. तोवरच्या लेखांत राजाचं नाव नुसतं ‘देवानांप्रिय’ वगैरे असायचं. इथे ‘अशोक’ हे नाव स्पष्ट कोरलेलं निघालं. सोन्याच्या मागावर रान तुडवणाऱ्या माणसाची नजर त्या दगडावर थांबली, हे मला फार मोठं वाटतं. मी तिथे तासभर बसलो होतो. टेकडीवरून पट्ट्याचा उतार आणि काळी रानं दूरवर दिसतात, आणि दगडाची दिशाही कळते. जाताना ब्रंटन (भूवैज्ञानिकाचं होकायंत्र) घेऊन जा, पण मॅग्नेटोमीटरच्या काठीपासून लांब ठेव.

पहिल्या आठवड्याचे बेसचे आलेख आणि वहीच्या पानांचे फोटो मला पाठव. नकाशा नको, तो नंतर बघू. आधी शेरे वाचायचे आहेत मला.

तुझा,
काका