मायावाद वाचायला घेताय? आधी एवढं बघा

मायावाद म्हणजे शंकराचार्यांच्या अद्वैत वेदान्तातलं मत: ब्रह्म एकच खरं, जग मायेमुळे भासतं. पण ही माया सत् नाही, असत्‌ही नाही, मग ती आहे तरी काय? प्रश्न रास्त आहे. पण ‘मला कळत नाही’ आणि ‘हे विसंगत आहे’ यांत गल्लत करू नका. नवखे बहुतेक इथेच अडकतात.

आधी व्याख्या तपासा. अद्वैतात सत् म्हणजे तिन्ही काळी बाधित न होणारं, कधीच खोटं न ठरणारं; असत् म्हणजे वांझेच्या मुलासारखं, कधी प्रतीतीलाच (अनुभवालाच) न येणारं. अंधारात दोरीवर भासणारा साप दिसतो, म्हणून असत् नाही. दिवा आणला की जातो, म्हणून सत् नाही. दोन्हींच्या मध्ये जागा उरते, म्हणजे व्याघात (स्वतःशीच विरोध) नाही. माया पूर्ण उमगली का? नाही. तिथे घाई नको.

उलटी चूक मला जास्त खटकते: ‘हे बुद्धीपलीकडचं’ म्हणून आक्षेप झटकायचे. अद्वैताचे टीकाकार रामानुज यांनी श्रीभाष्यात (ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात) मायावादावर सात आक्षेप घेतले, त्यातला एक थेट अनिर्वचनीयतेवर, म्हणजे माया सत् किंवा असत् सांगता येत नाही या दाव्यावर. पुढच्या अद्वैत्यांनी त्यांना युक्तिवादानेच उत्तरं दिली.

तूर्त एवढंच करा:

- शंकराचार्यांचं अध्यासभाष्य (त्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याची प्रस्तावना) वाचा. छोटं आहे.
- वहीत दोन रकाने पाडा: ‘कळलं नाही’ आणि ‘पटलं नाही’.
- मधुसूदन सरस्वतींची अद्वैतसिद्धी (अद्वैताच्या बचावाचा किचकट तर्कग्रंथ) आत्ता उघडूच नका.