फ्रँकेनस्टाइनचा राक्षस: कणव की भीती?

मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ वाचायला घेताना सिनेमातला गुरगुरणारा राक्षस आधी डोक्यातून काढा. कादंबरीतला अस्खलित बोलतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. १८३१ च्या आवृत्तीत प्रकरण ११ ते १६ त्याच्याच तोंडून येतात. ती एका बैठकीत वाचा.

पाचव्या प्रकरणात त्याचा पिवळट डोळा उघडतो तो त्याला घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनच्या नजरेतून, म्हणून आपण दचकतो. पंधराव्यात राक्षस आंधळ्या म्हाताऱ्या डी लेसीसमोर बसतो. म्हाताऱ्याला फक्त आवाज ऐकू येतो, म्हणून तो मायेनं बोलतो. त्याचा मुलगा फेलिक्स आत येतो, रूप पाहतो आणि काठीनं झोडपू लागतो. केवढा फरक!

नवखे वाचक इथेच फसतात. दया आली की खून माफ करून टाकतात. म्हणून सोळावं प्रकरण सावकाश वाचा. व्हिक्टरच्या लहानग्या भावाचा, विल्यमचा, गळा दाबून जीव घेतल्यावर राक्षस त्याच्या गळ्यातलं चित्र काढून त्याच घरी काम करणाऱ्या, झोपलेल्या जस्टीनच्या कपड्यांत ठेवतो, आळ तिच्यावर यावा म्हणून. हे नुसत्या रागाच्या भरात होत नाही. शिवाय ही हकिगत तो व्हिक्टरकडे जोडीदारीण मागण्यासाठी सांगतोय, हेही ध्यानात असू द्या.

समासात पेन्सिलीनं दर प्रसंगाशी लिहा: कोण सांगतंय, कोणाला, कशासाठी.