रॉडबोल्ट बदलताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मारुती एस्टीमचे १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचे इंजिन ट्रॅकसाठी उघडले आहे. कॅमशाफ्ट बदलून ते ८००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला ८००० फेरे) न्यायचे आहे. रॉड मूळचेच ठेवून फक्त रॉडबोल्ट भारी घातले तर चालेल का? आमचा मेकॅनिक म्हणतो, जुने काढायचे, नवे बसवायचे, टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) द्यायचा, झाले. (कोल्हापूर)

उत्तर : बोल्ट भारी घालणे योग्यच आहे, पण मेकॅनिकने सांगितलेले काम अर्धेच आहे. उरलेले अर्धे वगळले तर नवे बोल्ट जुन्यांपेक्षा धोक्याचे ठरू शकतात.

रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा भाग. त्याच्या क्रँककडच्या मोठ्या टोकाला बिग एंड म्हणतात, त्याचा सुटा होणारा अर्धा भाग म्हणजे कॅप, आणि कॅप रॉडला आवळून धरतात ते रॉडबोल्ट. आधी बोल्टवर ओढ किती येते ते पाहू. या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५.५ मिमी. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून अर्धा किलो धरला, तर ६५०० आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून उलटा फिरताना रॉडला साधारण ११७० किलोची ओढ देतो. ८००० आरपीएमला तीच ओढ १७७० किलोच्या घरात जाते. आरपीएम पाव पटीपेक्षाही कमी वाढले, ओढ मात्र दीडपट झाली, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

सर्वांत वाईट क्षण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या, म्हणजे जळलेला वायू बाहेर टाकणाऱ्या धावेच्या, शेवटी येतो. कॉम्प्रेशनच्या वेळी वरचा दाब पिस्टनला खाली रेटतो, त्यामुळे बोल्टांना उसंत मिळते. एक्झॉस्टच्या शेवटी वर दाबच नसतो आणि सगळी ओढ दोन बोल्टांवर येते. म्हणून टर्बोचा बूस्ट वाढवल्याने रॉडचा दांडा आणि बेअरिंग दबतात, पण बोल्टांचा खरा वैरी आरपीएमच. त्यातही चुकीचा गिअर. पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि तिथे रेव्ह लिमिटरचे (आरपीएम मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेचे) काही चालत नाही.

आता प्रश्न असा की ८ मिमीचा, १०.९ ग्रेडचा बोल्ट नीट आवळला तर एकटा सव्वादोन टनांच्या आसपास दाबून धरतो. वाट्याला येणारी ओढ ८८५ किलो. मग बोल्ट कशामुळे तुटतात? बहुतेक वेळा ते पुरेसे ताणले गेलेले नसतात म्हणून. आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. तिची पकड बाहेरच्या ओढीपेक्षा जास्त असेपर्यंत कॅप रॉडपासून सुटत नाही आणि बोल्टला चढउतार फारसा जाणवत नाही. पकड कमी पडली की सांधा उघडू लागतो आणि ८००० आरपीएमला मिनिटाला चार हजार वेळा पूर्ण झटका बोल्टवर येतो. मग आट्यांच्या मुळाशी तडा जातो आणि वाढत राहतो. भारी बोल्टचा खरा फायदा हा की तो न बिघडता जास्त ताणता येतो. तेवढा ताणलाच नाही, तर पैसे वाया.

रॉड आधी धुऊन चुंबकीय पद्धतीने तडे तपासून घ्या. रॉड आणि कॅपवर सिलिंडरचा आकडा एकाच बाजूला कोरलेला आहे ना, हे पाहा. नसेल तर कोरा. जुने बोल्ट हातोड्याने ठोकू नका, प्रेसवर काढा. नवा बसवला की डोके बैठकीवर सगळीकडून टेकले पाहिजे. डोक्याखाली छोटी गोलाई असते आणि बैठकीच्या कडेला तेवढा उतार नसेल तर डोके एका बाजूने अडते, बोल्ट आवळतानाच वाकतो. ०.०५ मिमीची पट्टी डोक्याखाली कुठेही शिरता कामा नये.

यानंतरचे काम मेकॅनिकने सोडून दिले आहे. नव्या बोल्टची पकड वेगळी असते आणि तो दाबून बसवताना कॅप किंचित सरकते, म्हणून बिग एंडचे भोक गोल राहत नाही. शेल (बेअरिंगच्या दोन अर्ध्या पाती) घालण्याआधी कॅप पूर्ण ताणाने आवळून बोअर गेजने (भोकाचा व्यास मोजणाऱ्या मापकाने) निदान तीन दिशांना माप घ्या. फरक जवळजवळ नेहमीच निघतो. तेव्हा रॉड व कॅपच्या सांध्याच्या पृष्ठभागावरून प्रत्येकी सुमारे ०.०५ मिमी घासून, पुन्हा पूर्ण आवळून, होनिंग करून (भोक आतून बारीक घासून) भोक मूळ मापावर आणावे लागते. होनिंगच्या वेळीही नवेच बोल्ट, तेच वंगण आणि तोच ताण हवा. मग शेल घालून क्लिअरन्स, म्हणजे शेल आणि जर्नल (क्रँकचा रॉड बसतो तो गोल भाग) यांच्यातली फट, मोजा. जर्नलच्या प्रत्येक मिलिमीटरमागे साधारण ०.००१ मिमी हा चालू नियम. उदाहरणार्थ, ४४ मिमीच्या जर्नलला ०.०४४ मिमी.

एक सल्ला. बोल्ट, तपासणी आणि होनिंग यांचा एकत्र हिशेब करा. तो फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या, जास्त मजबूत) रॉडच्या सेटच्या किमतीजवळ जात असेल, तर ८००० आरपीएमसाठी आम्ही फोर्ज्ड रॉडच घेऊ. त्यांच्यासोबत योग्य बोल्ट येतात. मापे मात्र तिथेही तपासायचीच.

प्रश्न : बोल्टच्या पाकिटात टॉर्कही दिला आहे आणि ‘स्ट्रेच’ही. टॉर्क पाना आहे, तेवढ्यावर भागेल का? (पिंपरी)

उत्तर : स्ट्रेच, म्हणजे आवळल्यावर बोल्टची वाढलेली लांबी, मोजा. पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे ९० टक्के डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. आट्यांत थोडा कचरा असला किंवा मोलिब्डेनमच्या वंगणाऐवजी इंजिन ऑइल लावले, की पान्यावर तोच आकडा येतो आणि बोल्ट कमी ताणलेला राहतो. पाना खोटे सांगत नाही, पण तो बोल्ट मोजत नाही, घर्षण मोजतो.

दोन टोकांना खळगा असलेल्या रॉडबोल्टसाठी डायल लावलेला स्ट्रेच गेज मिळतो. मोकळ्या बोल्टवर डायल शून्यावर आणा, आवळा, वाढलेली लांबी वाचा. नेमका आकडा त्या बोल्टच्या कागदावरचाच घ्यायचा. पुष्कळ बोल्टांसाठी तो ०.१३ ते ०.१६ मिमीच्या आसपास असतो. टॉर्क हा अंदाज म्हणून ठेवा. स्ट्रेच आधी पुरा झाला तर तिथेच थांबा. पूर्ण टॉर्क देऊनही स्ट्रेच कमी असेल तर आणखी आवळू नका. सोडा, पुसा, वंगण पुन्हा लावा.

रॉड बाकावर आवळताना शिकंज्यात दांडा धरू नका, बिग एंड धरा. दांडा धरला तर त्याला पीळ बसतो. नवे बोल्ट दोनतीनदा आवळून सोडले की घर्षण स्थिर होते. आणि हे काम सुरू करण्याआधी प्रत्येक बोल्टची मोकळी लांबी मायक्रोमीटरने मोजून रॉडच्या क्रमांकासह वहीत लिहा. पुढच्या वेळी इंजिन उघडाल तेव्हा जो बोल्ट मूळ लांबीपेक्षा ०.०२५ मिमी वाढलेला दिसेल तो फेकून द्यायचा. वहीत नोंद नसेल तर हे कळणारच नाही.

प्रश्न : नटबोल्टच्या दुकानात १२.९ ग्रेडचे ॲलन बोल्ट मिळतात. ग्रेड मूळच्यापेक्षा वरचा आहे. घालावे का? (नाशिक)

उत्तर : अजिबात नाही. १२.९ म्हणजे १२२० मेगापास्कल ताकद. एआरपी या बोल्ट बनवणाऱ्या कंपनीच्या ८७४० पोलादाच्या बोल्टची १३०० च्या आसपास, त्यांच्याच एआरपी २००० पोलादाची १५०० च्या पुढे. पण खरा मुद्दा ताकदीचा नाहीच. पुष्कळ रॉडबोल्टांचा दांडा कॅपला जागेवर बसवण्याचेही काम करतो, त्याचा काही भाग नेमक्या मापाचा असतो. दुकानातला बोल्ट भोकात सैल बसतो आणि कॅप प्रत्येक वेळी थोडी वेगळी बसते. शिवाय तो जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर मुलाम्याच्या वेळी पोलादात हायड्रोजन शिरलेला असू शकतो. असा बोल्ट आवळल्यावर काही तासांनी, इंजिन बंद असतानाही, तडकतो.

प्रश्न : एल १९ पोलादाचे रॉडबोल्ट सर्वांत ताकदवान म्हणून घ्यायचा विचार आहे. गाडी मडगावला असते, महिन्यातून दोनदा निघते. (मडगाव)

उत्तर : तुमच्यासाठी एआरपी २००० बरे. एल १९ ची ताकद १७९० मेगापास्कलच्या आसपास आहे हे खरे, पण हे पोलाद ओलाव्याला फार नाजूक आहे. ते उघड्या हाताने धरायचे नसते आणि सतत तेलात राहावे लागते. किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत ते घालू नये. शर्यतीनंतर प्रत्येक वेळी उघडल्या जाणाऱ्या इंजिनाची गोष्ट निराळी.

प्रश्न : माझ्या रॉडची कॅप कारखान्यातच तोडून वेगळी केलेली आहे, सांधा खडबडीत दिसतो. तोही घासून होनिंग करता येईल का? (ठाणे)

उत्तर : नाही. त्या खडबडीत पृष्ठभागाचे कण एकमेकांत अडकतात, म्हणूनच कॅप नेमकी जागेवर बसते. तो घासला की रॉड गेला. भोक गोल राहिले नसेल, तर बाहेरून मोठ्या मापाचे शेल त्या इंजिनासाठी मिळतात का पाहा. नाहीतर रॉड बदला. आणि कॅपची अदलाबदल चुकूनही होऊ देऊ नका.

प्रश्न : रॉडबोल्टला लॉकटाइट (आटे पक्के धरणारा चिकट द्रव) लावावे का? (सातारा)

उत्तर : नको. त्याने घर्षण बदलते आणि दिलेला टॉर्क निरर्थक होतो. पुरेसा ताणलेला बोल्ट स्वतःच्या ताणामुळे सुटत नाही. स्प्रिंग वॉशरही नको.

प्रश्न : व्ही-८ इंजिनात फक्त बोल्ट बदलले, क्रँक पुन्हा बॅलन्स करावी लागेल का? (दुबई)

उत्तर : जुना आणि नवा बोल्ट काट्यावर ठेवा. नव्याचे वजन वेगळे असेल तर बॅलन्सिंगसाठी धरलेले बॉबवेट (रॉड-पिस्टनच्या जागी क्रँकला लावायचे वजन) बदलते आणि व्ही-८ ची क्रँक पुन्हा तपासून घ्यावी लागते. सरळ चार सिलिंडरच्या इंजिनात चारही रॉडचे बिग एंड वजनाने एकमेकांशी जुळले की पुरते.